कॅपिटल अक्षरांतले नाना

समाजसेवा करणारी चार माणसं एकत्र आली की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्या मंडळात ई-मेल आला आणि किश्श्यांना पूरच आला. आज सांगताना लोक हसतात. मला तेव्हा झोप लागत नव्हती.

खेडोपाडी डोळे तपासणीची शिबिरं घेणारं आमचं छोटं मंडळ. अर्धं साताऱ्यात, अर्धं सांगलीत. डॉक्टर सातारकरांचे, गाडी, मांडव आणि राबणारी माणसं आम्हा सांगलीकरांची. एकाशिवाय दुसऱ्याचं चालायचं नाही. नव्वदचं दशक संपता संपता कुणीतरी म्हणालं, आता बैठकांसाठी एसटीचे हेलपाटे नकोत, ई-मेल करू. मी संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून सांगलीचा मेल माझ्या गळ्यात पडला.

* * *

सांगलीत विश्रामबागेतल्या सायबर कॅफेतून पहिला मेल पाठवला. तो पोचला असेल यावर विश्वास बसेना. समोरच्या एसटीडी बूथवरून साताऱ्याला मालतीताईंना फोन लावला. ताई निवृत्त मुख्याध्यापिका, तिकडचं सगळं त्याच बघायच्या.

"ताई, मेल पाठवलाय."

"काय लिहिलंय?"

मी सगळा सांगितला.

"बरं झालं," ताई म्हणाल्या, "आता तो बघायला जायला नको."

पुढे कितीतरी दिवस आमचा ई-मेल असाच चालला.

* * *

पूर्वी बैठकीत भांडणं व्हायची, पण चहाच्या दुसऱ्या कपाला मिटायची. मेलमध्ये दुसरा कप नसतो. एकदा माझ्या लांबलचक मेलला ताईंचं उत्तर आलं, 'ठीक आहे.' एवढंच. मनापासून की रागानं? शेवटी बायकोला विचारलं.

"अहो, ठीक आहे म्हणजे ठीक आहे."

"तू म्हणतेस तेव्हा तसं नसतं."

"ठीक आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

* * *

आपणच लिहिण्यात काहीतरी चुकतो असं वाटून मी मेलचं काम नानांना दिलं. नाना कडेगावचे. फौजेत बिनतारी संदेशांचं काम केलेले, आता ऊसशेती. एकत्र बैठका बंद झाल्यावर ते मंडळात आले, त्यामुळे सातारकरांनी त्यांना पाहिलं नव्हतं.

नानांचा पहिला मेल सगळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत गेला: 'म्हसवड शिबीर रविवार. डॉक्टर दोन पाठवा. उत्तर त्वरित.'

ताईंचा मुलगा अमेरिकेत. त्यानं त्यांना सांगितलं होतं की कॅपिटलमध्ये लिहिणं म्हणजे ओरडणं. ताईंचा मला फोन आला. "सर, हे कोण गृहस्थ? आम्ही काय यांच्या पलटणीत आहोत?"

मी चाचरत नानांच्या कानावर घातलं.

"आवं सर, फौजेत असंच लिवत्यात. बारकं अक्षर वाचताना चुकलं तर लय घोळ हुतो. पर बाईंना लागलं असंल तर माफी मागतो की."

त्यांनी लगेच मागितली. कॅपिटलमध्ये.

"आता माफीसुद्धा ओरडून," ताई म्हणाल्या. "म्हसवडला येते, शब्द दिलाय. त्यानंतर सातारा वेगळं."

मध्ये पडलो तर आणखी बिघडेल म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहिल्यानंही बिघडतंय असं वाटत राहिलं.

* * *

म्हसवडला दोघांना लांब बसवायचं मी ठरवलं होतं. पण नावनोंदणीला टेबल एकच मिळालं. नानांनी येणाऱ्याचं नाव, वय विचारायचं आणि ताईंना सांगायचं. ताईंनी कार्डावर लिहायचं. आज सकाळीच मंडळ मोडणार, या खात्रीनं मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो.

सहा फुटी नाना आले. मिशा भरघोस. ताईंना वाकून नमस्कार केला, काहीतरी बोलले आणि बसले. ताईंनी मान वर केली नाही.

गर्दी वाढली. नाना नाव सांगत, ताई लिहीत. मग ताई नानांच्या बाजूला थोड्या सरकल्या. मग आणखी थोड्या. मग कानामागे हात धरला. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं. मी खांब सोडून टेबलाकडे धावलो.

"नाना," ताई म्हणाल्या, "जरा ओरडा की."