आग्नेय दिशेचे साडू

आभाळात जेवढे म्हणून उपग्रह टांगलेले असतील, त्यांना सबंध बीड जिल्ह्यात एकाच माणसाचा धाक असावा, आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. शिरूर कासार तालुक्यातल्या त्यांच्या गावात टीव्हीच्या डिशला छत्री म्हणतात, आणि साडूंचा हात न लागलेली छत्री त्या गावात औषधालाही सापडायची नाही. धोतराच्या कनवटीला लोक चंची खोचतात, हे पाना खोचतात. कुणाच्याही दारात गेले की 'या, बसा' कानावर पडायच्या आत यांची मान वर, स्लॅबकडे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी चांगली, माणसं चांगली, पोहेही चांगले. साडू मात्र अंगणातूनच तोंड वाकडं करून आत आले आणि माझ्या कानाशी लागले, "साडभाऊ, छत्री मावळतीकडं तोंड करून हाय. ह्या घरात कुणाचं कुणाला ध्यान न्हाई." पुढची बोलणी होईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. मुलीच्या बापाकडून शिडी मागून घेतली, छत्री जागेवर आणली, आतल्या बायकांनी "दिसाया लागलं!" म्हटलं, तेव्हाच त्यांनी सोयरीक पसंत केली. ते लग्न उत्तम चाललं आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण साडूही सगळ्यांना मुद्दाम सांगतात.

आता त्यांना या विषयातलं फार शास्त्र कळतं असं कुणी समजू नये. डिश बसवणारी मुलं टुं टुं वाजणारं यंत्र घेऊन येतात, त्यांच्याकडे साडू पहाटे दारावर येणाऱ्या पिंगळ्याकडे बघावं तसं बघतात. त्यांचं शास्त्र एका वाक्याचं. उगवतीला तोंड करायचं, उजव्या खांद्याकडे निम्मं वळायचं आणि मान वर करायची, तिथं उपग्रह. ही दिशा आग्नेय, आणि त्यांच्या गावाहून त्याच अंगाला अंबाजोगाई पडते. मी अंबाजोगाईला राहतो. तेव्हा उपग्रह माझ्या घरावर आहे, अशी त्यांची ठाम समजूत. चित्र जरा फाटलं की मला फोन. "साडभाऊ, तिकडं ढग आलेत का?" मी सुरुवातीला उपग्रह किती दूर असतो वगैरे समजावून पाहिलं. हल्ली निमूट खिडकीतून बघतो आणि सांगतो, "न्हाई, ऊन हाय." मग ते म्हणतात, "मग आमचीच हाललीय," आणि पाना काढतात.

टीव्हीवर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. ताकदीची पट्टी नेहमी भरलेली असते आणि चित्राचा पत्ता नसतो. यावर साडूंनी निवडणुकीच्या हंगामात पारावर केलेलं भाष्य तालुकाभर गेलं होतं. "ताकद रेड्यालाबी असती बे. कॉलिटी पायजे." ऐकणाऱ्यांत दोन उमेदवार होते. दोघांनीही ते दुसऱ्याला उद्देशून आहे असं समजून टाळ्या वाजवल्या.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर छत्र्याही ट्रॅक्टरवर चढतात. कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या की तिथून साडूंना फोन येतो, आणि हे इकडे ओट्यावर उभे राहून, स्वतः उगवतीला तोंड करून, शेकडो मैलांवरच्या छत्र्या फिरवतात. "वळ. आणखी. थांब बे, लई गेलास!" म्हणताना हे स्वतःही वळत असतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या नव्या माणसाला काळजी वाटते.

त्यांच्या स्वतःच्या घरची पद्धत मात्र निराळी. तिथं टीव्हीसमोर बसून 'आलं', 'गेलं' सांगायचं काम सुनेचं, मंदाचं. आणि मंदा सासऱ्याशी बोलत नाही. भांडण नव्हे, रीत. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं तर सासूच्या तोंडून. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी तिने ती मोडली नव्हती. मग स्लॅबवरच्या सासऱ्याला ओरडून सांगायचं कसं? त्यावर दोघांनी न बोलताच तोडगा काढला. मंदा परात आणि पळी घेऊन बसते. एक ठोका म्हणजे चित्र आलं, दोन म्हणजे गेलं. गल्लीला ही भाषा इतकी पाठ, की दोन ठोके पडले की शेजारची म्हातारी अंगणातून हळहळते.

तर यंदा हिवाळ्यात झालं असं, की मंदाची मुलगी कोमल महाराष्ट्राच्या खो-खो संघात निवडली गेली. पोरगी आमच्याकडे अंबाजोगाईला राहून शिकते, पण खो-खो तिला साडूंच्या गावाने दिला. संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला, आणि तो खेळांच्या सरकारी चॅनेलवर दुपारी दाखवणार असं कळलं. मोबाइलवर बघावं तर गावात चित्राऐवजी गोल चकरी फिरत राहते. तेव्हा सगळी भिस्त साडूंच्या छत्रीवर. कोमलचा बाप टोळीबरोबर उसाला गेलेला. मला साडूंचा हुकूम आला, "मॅच हितंच बघायची."

मी पोचलो तेव्हा साडूंनी पोळ्याच्या बैलासारखी छत्री धुतली होती. हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती, आणि नातीला नजर लागू नये म्हणून लाल फडक्यात बांधलेला नारळ छत्रीच्या पुढच्या दांडीला लटकवला होता. त्या दांडीच्या टोकाला छत्रीचा डोळा असतो, सगळं चित्र त्यातूनच खाली उतरतं. साडूंनी जाहीर केलं, "पोरगी जितल्याबिगर ह्यो नारळ सुटायचा न्हाई." सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

सामन्याची वेळ झाली. घरात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टीव्ही लावला आणि परातीवर दोन ठोके पडले. ताकदीची पट्टी भरलेली, गुणवत्तेची सपशेल रिकामी. साडूंनी छत्री डावीकडे घेतली, दोन ठोके. उजवीकडे घेतली, दोन ठोके. नट सोडले, आवळले, परत सोडले. मी वर चढून माळ काढली, तरी दोन ठोके. गल्लीतून सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. साडू घामाने निथळत होते. आयुष्यात गावभरच्या छत्र्या लावल्या आणि नातीच्याच सामन्याला स्वतःची आंधळी, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तो नारळ दांडीला खाली खाली ओढत होता, आणि नवसाच्या नारळाला हात लावायची छाती एकाचीही नव्हती. खरं सांगायचं तर तसा विचारही कुणाला शिवला नव्हता.

तेवढ्यात शिडी वाजली. मंदा वर आली. डोक्यावर पदर तसाच, पण नजर थेट सासऱ्याकडे.

"मामा, नारळ सोडा."

साडूंनी पाना खाली ठेवला. वीस वर्षांत पहिल्यांदा सून त्यांच्याशी बोलत होती.

"अगं, नवसाचा हाय त्यो," ते कसेबसे म्हणाले.

"खाली ठिवला तरी देवाला दिसतंय. आपल्याला न्हाई दिसत."

साडूंनी नारळ सोडला, कपाळाला लावला आणि कठड्यावर ठेवला. पण दांडी वाकलेली ती वाकलेलीच. त्यांनी ती तळहातावर तोलून थोडी वर उचलली. मंदा तोवर खाली धावली होती. परात कुठं पडली होती कुणास ठाऊक. खालून आरोळी आली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"आलं! मामा, आलं! आता हालू नगा!"

साडू हलले नाहीत. मी म्हटलं, दोरीने बांधू, काठीचा टेकू देऊ, तुम्ही खाली चला. म्हणाले, "दोरी ढिली पडती. दोरीला का नात हाय?" मला त्यांनी खाली हाकललं, आणि मीही गेलो, कारण मलाही बघायचं होतं. पहिल्या डावात आपण मागे होतो. कोमल पाठलागाला उतरली आणि घरात एकच गलका झाला. शेवटी वेळ संपत आलेली, एक गडी बाद व्हायचा होता, आणि पोरीने खांबाला एका हाताचा विळखा घालून अंग असं झोकून दिलं की समोरची कळायच्या आत बाद! जिंकलो! बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, गुलाल उडाला, अक्कांनी, म्हणजे साडूंच्या मंडळींनी, गुडघे दुखतात हे विसरून टीव्हीभोवती फेर धरला. असा आनंद मी आमच्या कुठल्याही लग्नात पाहिला नाही.

गडबड ओसरल्यावर माझ्या ध्यानात आलं, साडूंना कुणी खाली बोलावलंच नव्हतं. वर गेलो तर ते उन्हात तसेच उभे, हात दांडीखाली.

"जिंकली आपली पोरगी! सोडा आता," मी म्हटलं.

"कळलं मला वरडण्यावरनं. पण कप देत्यात अजून. ते बघू द्या सगळ्यांला."

कप देऊन झाला, खालचे लोक अंगणात आले, तेव्हा कुठं त्यांनी हात काढला. तो सरळ होईना. मंदा पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. साडूंनी पाणी प्यायलं, मिशा पुसल्या आणि तिच्याकडे न बघता, जरा लाजतच विचारलं, "कशी दिसत हुती गं?"

मंदा कठड्याला टेकून बसली. "पळताना जीभ दातात धरलीती मामा. तुमी नट आवळताना धरता, तश्शी."

साडूंचे डोळे भरून आले. ते तिच्यापासून थोडं अंतर ठेवून स्लॅबवर मांडी घालून बसले.

"पयल्यापासून सांग," ते म्हणाले.