पाईपमास्तरचा घरचा शिष्य

तंबाखूच्या दुकानात गल्ल्यामागे उभं राहून तो नवशिक्यांना पाईप ओढायला शिकवी, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरकीची हौसही दांडगी. गिऱ्हाईक पाईप घेऊन निघालं की हा त्याला थांबवणार, तंबाखू बोटांनी मोकळी करून दाखवणार, तळाशी सैल आणि वर जरा दाबून भरायला लावणार. पहिल्यांदा पेटवला की विझू द्यायचा, राख हलकेच दाबायची, मग पुन्हा पेटवायचा. धूर छातीत घ्यायचा नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "सुरुवातीला जीभ पोळतेच. घाई करणाऱ्याची जास्त पोळते."

त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, दाजी, जन्मभर सिगारेटी ओढत आलेले. त्या सुटाव्यात म्हणून ते पाईपकडे वळले. मास्तरला कोण आनंद! घरचाच शिष्य मिळाला. काही आठवड्यांनी दाजी म्हणाले, जिभेच्या कडेला फोड आलाय, जेवताना झोंबतं. मास्तरने बघितलंसुद्धा नाही. भसाभसा ओढत असाल, म्हणून हसला. दाजी ओशाळले. पुढच्या खेपेला फोड तसाच आहे म्हणाले, तर याने तंबाखू जरा वाळवून घ्या म्हणून सांगितलं. त्यानंतर दाजींनी तक्रारच केली नाही. आपण कच्चे ठरू नये म्हणून बिचारे गप्प बसले, आणि मास्तरला वाटलं, जमलं एकदाचं.

तो फोड नव्हताच. तपासणी झाली आणि अर्धी जीभ काढावी लागली. दुखणं सिगारेटींचं, पाईपचं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. पण वेळेवर आला असतात तर थोडक्यात भागलं असतं, हेही म्हणाले. इतके दिवस का थांबलात, असं त्यांनी विचारलं तेव्हा मास्तरही तिथेच उभा होता.

"आम्हाला वाटलं, पोळलंय," ताई म्हणाली.

'आम्हाला' म्हणाली. भावाचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने चारचौघांत मुस्काटात दिली असती तर परवडलं असतं. मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी घरी आल्यावर तो गेला तो ठरवूनच. आज सांगून टाकायचं: चूक माझी, कळत नव्हतं तिथे मी शहाणपणा केला. वाटभर त्याने हेच घोकलं. दाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. ताई आत त्यांच्यासाठी काहीतरी पातळ करत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मास्तरने घसा खाकरला, तेवढ्यात दाजींनी हात वर करून त्याला थांबवलं आणि उरलेल्या जिभेने एकेक अक्षर जुळवलं.

"तुझं... बरोबर होतं. मीच... घाई केली."

मास्तरला कळलं नसेल असं वाटून त्यांनी ते पुन्हा सांगितलं. चेहरा नापास झालेल्या मुलासारखा.

नाही दाजी, एवढंच म्हणायचं होतं. मास्तरने तोंड उघडलं.

"असू द्या," तो म्हणाला. "नवशिक्यांचं होतं असं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.