देवाला न दाखवलेला डबा

रोज स्वयंपाक झाला की ती वाटीभर भात आणि पळीभर भाजी देवासमोर ठेवायची, डोळे मिटायची, आणि मगच कुणाच्या ताटात काही पडायचं. तोवर ती चवसुद्धा बघत नसे. भाजीत मीठ पडलंय की नाही, हे त्या घरात आधी देवाला कळायचं. लग्न ठरताना नवऱ्याने एवढंच मागितलं होतं. "बाकी सगळं तू म्हणशील तसं," तो म्हणाला होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. शब्दाला पक्का, नेमाला त्याहून. तिलाही ते आवडलं. लेक बोलायला लागली तशी तिलाही तिने शिकवलं, देवाने खाल्ल्याशिवाय आपण खायचं नाही.

लेक आठ वर्षांची असताना आईची शिलाईच्या कारखान्यातली पाळी सकाळी सातला आली. मग ती लेकीचा डबा भरून पळे, आणि नैवेद्य नवरा आंघोळ करून आठला दाखवी. पातेलं तेच, भात तोच. देव काय, तासभर थांबेल, अशी तिने मनाची समजूत घातली. डबा रोज लख्ख होऊन येई. "आमची बया शीतसुद्धा ठेवत नाही," ती शेजारणीला कौतुकाने सांगे.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात शाळेचा फोन आला. जेवणाची सुट्टी होता होता मुलगी चक्कर येऊन पडली होती. ती धावत शाळेजवळच्या दवाखान्यात पोचली तेव्हा नवरा आधीच आला होता. लेक खाटेवर, ओठ पांढरेफटक.

"ही दुपारची जेवत नाही का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जेवते की! डबा रिकामा येतो."

"कुत्रीला घालते मी," लेक म्हणाली. "शाळेच्या भिंतीमागे तिची पिल्लं आहेत."

"आणि तू?"

"मी सव्वासातला निघते. बाबा आठला दाखवतात. माझ्या डब्यातलं देवाने खाल्लेलं नसतं ना." पाढा म्हणावा तसं तिने सांगितलं.

आई पुढे झाली. "अगं, मला सांगायचं तरी!"

"तू रडली असतीस."

नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "भरायच्या आधी दाखवायला किती वेळ लागला असता?"

"ते नंतर बोला. आधी पोटात काहीतरी जाऊ दे," बाई म्हणाल्या.

दप्तरात आजचा डबा तसाच होता. तिने घास पुढे केला. लेकीने तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली. "घरी जाऊन दाखवू, मग."

"दहा मिनिटांत नेतो घरी," नवरा म्हणाला.

तिने त्या दोघांकडे पाहिलं, आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला. देवाला न दाखवलेला, लग्नानंतरचा पहिलाच. लेक डोळे फाडून बघत राहिली, आता आईचं काय होणार म्हणून. काही झालं नाही. पंखा फिरत होता. तिने घास गिळला.

लेकीने बापाकडे पाहिलं. तो खाटेजवळ आला, डब्यात बोटं घातली आणि चार शितं तोंडात टाकली.

तेव्हा कुठे लेकीने आ केला.

"सरक जरा, बसू दे मला," आई म्हणाली. "आणि नीट चावून खा."