घराण्याची तलवार

आमच्या घराण्यात कुणी कधी उंदीरही मारला नाही. पिढ्यान्‌पिढ्या सरकीची दलाली केली, पोटं सुटली आणि गुडघे गेले. अशा घरात तलवार आली आणि माझे काका एका दिवसात सरदार झाले.

तलवार सापडली असीरगडाखालच्या आमच्या शेतात, केळीच्या ठिबकसाठी चर खणताना. खणत होती आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला असलेली बाई. तिने गंजलेलं पातं पदराने पुसलं आणि म्हणाली, "ज्याच्या हातातून पडली असन, तो बिचारा इथंच कुठं असन." काकांना असल्या बिचाऱ्यात रस नव्हता. त्यांनी तलवार शहरात, राजपुऱ्यातल्या घरी आणली, घासूनपुसून तिला मखमली म्यान शिवलं. दसऱ्याच्या शस्त्रपूजेला आम्ही तराजू आणि अडकित्ता मांडणारी माणसं. त्या वर्षी मधोमध तलवार बसली. "आमच्या खापरपणजोबांची," काका पाहुण्यांना सांगायचे. दर वर्षी खापरपणजोबा आणखी दोन-चार शत्रू कापायचे. बाई झेंडूचं फूल घेऊन आली, तर तिला उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करायला लावला. मला काकांची किळस यायची. मी शाळामास्तर, सगळं ठाऊक असलेला, मावाजिलेबी खात गप्प बसायचो.

गेल्या दसऱ्याला काकांनी पूजेचा व्हिडिओ गावभर पाठवला. तो फिरत फिरत सरकारी कचेरीत पोचला आणि एक साहेब घरी आले. जमिनीत सापडलेली जुनी वस्तू सरकारची असते, ती का कळवली नाही, असं त्यांनी विचारलं. "निकाली किसने?"

सरदारांनी बाईला शेतातून बोलावून घेतलं आणि साहेबांपुढे उभं केलं.

"हिलेच सापडली, साहेब. वर्षभर हिच्याच घरी राह्यते. आम्ही तं पूजेपुरती मागून आणतो."

तलवारीवर बाईचा हक्क आमच्या घरात पहिल्यांदाच मान्य झाला. साहेबांनाही काम उरकायचं होतं. त्यांनी तसंच लिहून घेतलं: वस्तू हिने काढली, हिनेच लपवून ठेवली. कागद तिच्यापुढे सरकवला. तिला वाचता येत नाही. शाई लावलेला अंगठा तसाच धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"काय लिहेल आहे यात, भाऊ?"

काका माझ्याकडे बघत होते. मी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, दोनदा.

"तलवार तुला सापडली, एवढंच," मी म्हणालो.

"मंग खरंच आहे ते," ती म्हणाली आणि तिने अंगठा उठवला.