वजन उतरतच राहिलं

नोव्हेंबर २००० मध्ये, जिल्हा निवड चाचणीच्या सकाळी, माझा तालमीतला जोडीदार त्रेसष्ट किलोच्या गटासाठी काट्यावर उभा राहिला आणि त्याचं वजन साठ किलो भरलं. वजन उतरवणं त्यानं आठवडाभर आधीच थांबवलं होतं. त्या आठवड्यात तो दोन्ही वेळा जेवत होता, दूध घेत होता आणि आमच्यापैकी कुणीही पीत नव्हतं इतकं पाणी पीत होता.

काट्याजवळ बसलेल्या पंचानं आकडा मोठ्यानं वाचला. मग त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कमी चालतं, जास्त चालत नाही. पुढचा."

अठ्ठावन्नच्या वर आणि त्रेसष्टच्या आत, म्हणजे गट तोच राहत होता. नियमाची काही अडचण नव्हती.

जोडीदार बावीस वर्षांचा होता. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला त्याच्या घरची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. पहाटे फुलं बाजारात पोहोचवायची आणि तिथून सरळ तालमीत यायचं, हा त्याचा क्रम. आदल्या वर्षी त्याचं वजन थोडंसं जास्त भरलं होतं. वरच्या गटात लढावं लागलं आणि तो पहिल्याच कुस्तीत हरला. राज्य स्पर्धेत खेळल्याशिवाय पोलीस भरतीत खेळाडूच्या जागेसाठी त्याचा विचार होणार नव्हता. वडिलांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "यंदा काय ते कर. पुढल्या साली मला शेतात माणूस लागंल." त्यामुळे ही चाचणी त्याची शेवटची होती.

माझा गुडघा दुखावलेला असल्यामुळे मी त्या वर्षी उतरणार नव्हतो. एका स्थानिक दैनिकात उमेदवारी करत होतो आणि दुपारपर्यंत मोकळा असायचो. वजन उतरवताना त्याच्यासोबत राहायचं काम वस्तादांनी माझ्याकडे दिलं.

दिवाळी झाल्यावर सुरुवात केली तेव्हा तो सदुसष्ट किलोचा होता. पद्धत तालमीत चालत आलेलीच होती. भाकरी अर्धी, मीठ बंद, पाणी घोटाघोटानं. खताच्या गोणीच्या आत प्लास्टिकची पिशवी असते. ती धुऊन, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून अंगात घालायची, वरून दोन स्वेटर चढवायचे आणि कालव्याच्या कडेनं पळायचं. मी मागून सायकलवर. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. ते काठोकाठ भरून, आवाज न करता त्याच्या बाजूनं वाहत असायचं. परत आल्यावर पिशवी काढून बादलीवर उलटी करायची. सुरुवातीला तिच्यातून पेलाभर घाम पडायचा.

वजन सहज उतरत गेलं. इतरांचं शेवटचं एखादं किलो हटून बसतं, मग चिंचेचा गोळा गालात धरून थुंकत राहावं लागतं. त्याच्यावर ती वेळ आली नाही. वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"याला म्हणायचं अंग. सांगितलं की ऐकतं. तुमची अंगं म्हणजे सासुरवाडीला आलेले जावई. चार दिवस झाले तरी हलायचं नाव नाय."

तो चौसष्टच्या आसपास असताना एका सकाळी मी पिशवी बादलीवर उलटी केली आणि काहीच पडलं नाही. आत हात घालून पाहिलं. पिशवी आतून कोरडी होती.

"घाम कुठंय?"

"आला नाय."

"पळालास ना?"

"तूच होतास की मागं."

मी मागेच होतो. तो कालव्याच्या दुसऱ्या पुलापर्यंत जाऊन न थांबता परत आला होता. दुपारी त्याचं वजन त्रेसष्ट भरलं.

वस्तादांनी उतरवणं थांबवलं. "बास. आता खा-पी आणि आहे ते धरून ठेव." त्या दिवशी तालमीतल्या माठापाशी उभा राहून त्यानं तांब्यामागून तांब्या रिकामा केला. कुणीतरी हटकलं, तर वस्ताद म्हणाले, "पिऊ दे. तहान दाबून धरली होती पोरानं."

पुढच्या वेळी वजन केलं तेव्हा ते बासष्ट भरलं. हा काटा त्याच्या शेतावरच्या शेडमधला, भाजीचे क्रेट तोलायचा. आम्ही काट्याला दोष दिला. त्याच्या वडिलांनी वीस किलोचं माप आणून ठेवलं. काटा बरोबर होता. मग बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या काट्यावर गेलो. तिथे बासष्टला थोडं कमी. माझं नाशिक रोडला काम होतं म्हणून त्याला बरोबर नेलं आणि स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या यंत्रावर उभं केलं. तिकीट बाहेर आलं. ते त्यानं डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि माझ्या हातात दिलं. साडेएकसष्ट.

"बाजारात पाणी मारलं की फुलं जास्त भरत्यात," तो म्हणाला. "माझं उलटंच चाललंय. कितीबी मारा, कमीच."

तालमीच्या मागे भिंतीलगत मोकळी जागा होती. सगळे तिथेच लघवीला जायचे. एका सकाळी त्या भिंतीच्या कडेनं काळी रेघ दिसली. जवळ जाऊन पाहिलं तर मुंग्या होत्या. त्या एकाच जागी जमल्या होत्या, आणि ती जागा त्याची होती. एका जुन्या मल्लानं त्याला हाक मारली, "काय पैलवान, रसवंती टाकली का काय इथं?" सगळे हसले. तोही हसला. साखरेचा आजार आम्ही ऐकून होतो. पण तो पोट सुटलेल्या, गादीवर बसून राहणाऱ्या माणसांना होतो, अशी आमची समजूत होती. बावीस वर्षांच्या मल्लाशी त्याचा संबंध कुणी जोडला नाही. मीही जोडला नाही.

चाचणी तोंडावर आली असताना एका संध्याकाळी सराव चालू होता. वस्तादांनी त्याची लढत मध्येच थांबवली आणि त्याला जवळ बोलावलं.

"तोंड उघड."

त्यानं उघडलं.

"कुठं बसला होतास?"

"कुठं नाय, वस्ताद."

"वास येतोय."

"घेतली नाय. शपथ."

"मला नको सांगू. तिकडं सांग."

तालमीतल्या लाल मातीच्या हौद्याच्या टोकाला मारुतीची मूर्ती होती. त्यानं तिच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली. मी बाजूलाच उभा होतो. वास खरोखरच येत होता. तो दारूचा नव्हता. कुजायला लागलेल्या सफरचंदाचा असतो तसा गोडसर, आणि त्यात नखांचा रंग पुसायच्या औषधासारखं काहीतरी मिसळलेलं. वस्तादांनी पुन्हा एकदा वाकून वास घेतला. मग त्याला घरी पाठवलं. त्यानंतर त्याच्याशी सरावाला कुणी स्वतःहून आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो झोपलेला होता. त्याची आई ओट्यावर शेवंतीची फुलं निवडत होती. तिनं मला बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणला.

"आताशा हा घरात येतो ते मला कळत नाही बघ. दारातली फळी त्याच्या पायाखाली वाजायची. आता वाजत नाही. मी वळते तर हा मागं उभा."

"थकलाय, काकू. चाचणी झाली की भरून येईल."

"काल मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. एवढ्या सात मिरच्या, पण कुणाला ठसका लागला नाही." तिनं फुलांतून हात काढला. "तुम्हीच उतरवलं ना त्याचं वजन? मग आता तुम्हीच चढवा."

आतल्या खोलीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. झोपलेल्या माणसाचा तो वाटत नव्हता. लांब, खोल, एका लयीत, चढ चढून आलेल्या माणसासारखा.

चाचणीच्या सकाळी वजन झाल्यावर आम्ही सभागृहात भिंतीला टेकून बसलो. तोच श्वास चालू होता. तो अजून एकही कुस्ती लढला नव्हता. पलीकडे बसलेली मुलं वळून पाहत होती. समोरच्या फळ्यावर लढतींचा क्रम खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता.

"वाच रे. मी कितवा?"

"समोर तर आहे."

"दिसत नाय. पांढरं पांढरं दिसतंय नुसतं."

मी वस्तादांना सांगितलं. वस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले. "उतरायचं का नाय? आत्ता सांग. नाय म्हणालास तर कुणी काय बोलणार नाय."

"उतरायचं," तो म्हणाला. "यंदाच आहे, वस्ताद."

त्याची लढत सिन्नरच्या एका मल्लाशी होती. दोघांनी हात मिळवले. शिट्टी झाली. सिन्नरचा मल्ल वाकून पवित्र्यात आला. जोडीदार सरळ उभा राहिला. मग तो हळूच खाली बसला. पडला नाही. जेवायच्या पंगतीत बसावं तशी मांडी घालून मॅटच्या मध्यावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सिन्नरच्या मल्लानं त्याला हात लावला नाही. तो दोन पावलं मागे सरला आणि पंचाकडे पाहू लागला.

"ऊठ," पंच म्हणाला.

"आधी पाणी वाढा," जोडीदार म्हणाला. आवाज स्पष्ट होता आणि तो पंचाशी बोलत नव्हता. त्याच्या उजव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं, तिकडे वळून तो हे बोलला.

आम्ही त्याला जीपमधून रुग्णालयात नेलं. पोहोचेपर्यंत तो हाकेला ओ देईनासा झाला होता. तपासायला आलेली डॉक्टर बाई त्याच्या तोंडाजवळ वाकली आणि नाडी बघायच्या आधीच तिनं नर्सला साखर तपासायला सांगितलं. बोटातून रक्ताचा थेंब काढला. यंत्रावर आकडा आला नाही. मोजता येण्यापेक्षा साखर जास्त आहे, एवढंच त्यावर दिसलं.

"वजन कधीपासून उतरतंय?" तिनं विचारलं.

"ते आम्हीच उतरवलं," वस्ताद म्हणाले.

"किती?"

"सदुसष्टवरनं त्रेसष्ट."

"आज किती होतं?"

"साठ," मी म्हणालो.

"मग हे पुढचे तीन?"

वस्तादांनी भिंतीला हात टेकला. त्याची आई आली. ती सरळ पडद्याच्या आत गेली.

त्याला सलाइन आणि इन्सुलिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं डोळे उघडले आणि आईला ओळखलं. इन्सुलिन आता जन्मभर घ्यावं लागेल, असं डॉक्टर बाईनं घरच्यांना सांगितलं. आजार आम्ही वजन उतरवायला लागायच्या आधीच सुरू झाला होता का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, शक्य आहे. मग कोणते किलो आम्ही उतरवले आणि कोणते आजारानं, हेही विचारलं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं ती म्हणाली.

त्रेसष्ट किलोच्या गटात सिन्नरच्या मल्लाची निवड झाली. जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेसाठी निघाला त्या सकाळी मी संघाला निरोप द्यायला आलेल्या वस्तादांना भेटलो आणि तिथून रुग्णालयात गेलो. जोडीदार झोपलेला होता. सकाळची साखर ठीक आहे, असं नर्सनं सांगितलं. त्याचा श्वास ऐकू येत नव्हता. मी खाटेजवळ जाऊन पाहिलं. छाती हलत होती.