सारवलेली ओसरी

गोमतीबाई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे बोलल्यासारखंच लिहिते. तू मध्ये मध्ये तोंड घालायचीस, तेवढं आता व्हायचं नाही.

सत्तावन्न सालची रामनवमी तोंडावर आली होती. तू पहाटे पाण्याला गेलीस आणि इकडे तुझ्या दिरानं, भाऊसिंगानं, ओसरीवर झोपलेल्या तुझ्या नवऱ्याच्या, लालसिंगाच्या, डोक्यात कुऱ्हाड घातली. नाल्याकाठच्या वावराचं भांडण. घागर घेऊन परतताना रक्ताळलेल्या कुऱ्हाडीसकट तो तुला समोरच भेटला. पाहणारी तू एकटीच.

ठाण्यावर माणूस धावला. तिथं एक जमादार. म्हणाला, "फौजदारसाहेब पोहरादेवीच्या जत्रेत बंदोबस्ताले गेले. मुडदा का पळून चालला?"

उन्हाचे दिवस. सांजेपर्यंत कोणी फिरकलं नाही. शेवटी तांड्याचा नायक धरमसिंग यानं लालसिंगाला उचलायला लावलं आणि तुला म्हणाला, "सारवून घे पोरी, सुतकाची जागा तशी ठेवू नाही." त्याच्या मनात काय होतं, देव जाणे. रीत मात्र खरी होती. तू रक्त मुरलेली माती खरवडून नाल्यात टाकलीस आणि वर शेणाचा हात फिरवलास. इतक्या सफाईनं, की जत्रा पांगल्यावर आलेला फौजदार बूट काढून ओसरीवर चढला!

"रक्त कुठी हाय?"

"म्याच सारवलं, सायेब."

"पुरावा तूच पुसला, अन् आता नाव दिराचं घेऊन राह्यली?"

जमादार हसला. "बाईले साफसफाईची लय हौस दिसते."

"तुमी येळेवर आले असते त ठेवलं असतं ना तुमच्यासाठी," तू म्हणालीस. "तुमी तिकडे रेवड्या खाऊन राह्यले होते."

सगळा तांडा खाली मान घालून बसला.

मी तेव्हा मानोऱ्याला मास्तरीण, तू माझ्याकडे मोळी टाकायचीस. नागपूरच्या कॉलेजात शिकलेलं सगळं इंग्रजी मी तुझ्या अर्जांत ओतलं. उत्तर एकच: चौकशी चालू आहे. इकडे भाऊसिंग त्याच वावरात औत हाकायचा आणि तुला पाहून विचारायचा, "भाभी, जेवल्या का?"

पुढे मंगरूळला फौजदाराच्या वरचे नवे साहेब आले. ऐकून घेतात म्हणे. तू मोळी उतरवता उतरवता म्हणालीस, "बाई, सोमवारी चाला माह्यासंगं. बोलीन मी. तुमी निस्त्या खुर्चीवर बसा. शिकेल बाई बसली का मंग ते लोकं आयकतात."

"आणि मला खुर्चीच दिली नाही तर?"

"मंग मोळीवर बसा. आणीन मी एक."

शनिवारी तुला ताप भरला. सोमवारी मी शाळेतून रजा घेऊन मोटारस्टँडवर उभी होते, तेव्हा तांड्यावरचा मोहनसिंग सांगत आला, तू पहाटेच गेलीस. मोटार आली. भाऊसिंगाला पाहिलेले डोळेच मिटले होते. साहेबांपुढे मी एकटीनं काय सांगायचं होतं? कंडक्टरनं दोनदा विचारलं, "बाई, येता का?" मंगरूळला जायचं राहिलं ते राहिलंच.