सगळ्यात शेवटी सुई

तीन मानसं रेकॉर्ड ऐकाले बसली, की गाणे कमी अन् किस्सेच जास्त जमा होतात. आमी तिघं म्हंजे मी अमरावतीच्या राजापेठेतला, अकोल्याचे वानखडे सर अन् बडनेऱ्याचा रेल्वेवाला रामटेके. दर रविवारी सकाळी कोनाच्या तरी घरी बैठक. वाद एकच, सिस्टीममधलं आधी काय बदलाचं?

*

सरांनी आधी स्पीकर घेतले. कपाटाएवढे! आत जाईनात म्हनून दरवाजा काढला. पन जुन्या प्लेअरची जे खरखर आधी खोलीत होती, ते आता गल्लीभर! शेजारचे काका धावत आले, "सर, काय तळून राहिले?"

*

मी शहाना. अ‍ॅम्प्लिफायर घेतला. आवाज वाढवला की घूंऽऽ! दोन मेकॅनिक हरले. शेवटी बायको म्हने, "प्लेअर स्पीकरच्याच डोक्यावर ठेवला, तर घुमनारच ना! पाट्यावर ठेवा."

मसाला वाटाचा पाटा! ठेवला, अन् घूं बंद! मी हादरलोच. तवापासून आमच्या घरी चटनी मिक्सरमधली.

*

रामटेकेचे बाबा भीमगीतं गायचे. एका छोट्या कंपनीनं त्यायची रेकॉर्ड काढली होती. बाबा गेले, अन् घरात एकच प्रत उरली. दुसरी कुठंच भेटली नाही. सुई उडे म्हनून रामटेकेनं तिच्या डोक्यावर रुपया ठेवला होता, सगळेच ठेवतात तसा.

"सुई कावून बदलत नाही बे?" मी इचारलं.

"तुमीच तं सांगतलं! आधी स्पीकर, मंग अ‍ॅम्प, सुई शेवटी."

एका रविवारी बाबांचा आवाज फाटका याले लागला. सरांनी घड्याळवाल्याचं भिंग आनलं, सुई पाह्यली अन् प्लेअरच बंद केला. "अरे बापा! हे सुई नाही, सुताराची पटाशी झाली! वरून रुपयाचं वजन. रेकॉर्ड कोरून राहिली हे!"

रामटेकेचं तोंड पांढरं पडलं. "म्हंजे मी बाबाले खरवडून राहिलो होतो?"

दर रविवारी 'आनखी एकदा लाव' म्हननारे आमीच होतो.

*

नवी सुई आली. रुपया काढला. स्पीकर रामटेकेचे तेच, जुने, लहानसे.

"उरलं असंन का हो काही?" रामटेके रेकॉर्ड पुसत म्हने.

सुई टेकली. खरखर होतीच. पन नवी सुई खाचेत जरा खोल बसते म्हनतात, जुनी पोचलीच नव्हती तिथं, अन् तिथं बाबा होते! गान्याआधी घेतलेला श्वाससुद्धा आला. इतक्या वर्षांत तो आमी कधी ऐकलाच नव्हता!

तेवढ्यात रामटेकेची माय सैपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आली. दारातच उभी राहून तिनं एक कडवं पुरं ऐकलं.

"घसा सुकला त्यायचा," माय म्हने. "पानी द्या ना कोनी."

रामटेके उठला, माठातून गिलास भरला अन् प्लेअरजवळ नेऊन ठेवला.